मार न खाल्लेली चिलटं

मला चिलटांची किळस येते आणि गेली अकरा वर्षं मी चिलटांचीच चाकरी करते आहे. यात विनोद आहे असं आमच्या घरच्यांना वाटतं. मला वाटत नाही. सकाळी साडेआठला प्रयोगशाळेचं दार उघडलं की पहिला वास येतो तो आंबलेल्या पिठाचा. त्याच्यामागून गोडसर, कुजकट असा दुसरा वास येतो, तो चिलटांचा स्वतःचा. एक चिलट हुंगून काही कळणार नाही. वीस हजार एका खोलीत ठेवली की कळतं. तो वास केसांत बसतो, डब्याच्या झाकणाला लागतो आणि रविवारी दोनदा अंघोळ केली तरी उशीवर सापडतो.

माझं काम म्हणजे त्यांची खानावळ चालवणं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट होण्यासाठी अगरची पूड, असा लगदा मोठ्या पातेल्यात रटरट शिजवायचा, बोटभर जाड काचेच्या नळ्यांच्या तळाशी ओतायचा, थंड झाला की आत चिलटं सोडायची आणि तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. दर दोन दिवसांनी त्यांना नव्या नळीत हलवायचं, कारण तोवर जुनीत त्यांनी अंडी घालून ठेवलेली असतात, अळ्या वळवळत असतात आणि लगद्याचा चिखल झालेला असतो. त्या अळ्या काचेवरून वर सरकताना दिसल्या की मी मान फिरवते. 'होईल सवय' असं मला पहिल्या दिवशी सांगणाऱ्या बाई पुढे निवृत्त झाल्या. त्यांनाही झाली नव्हती, त्या फक्त बोलत नसत.

चिलटं हलवायची रीत सगळीकडे एकच. चिलट नेहमी वर चढतं. नुसता बोळा काढला तर सगळी भसकन बाहेर येतील. म्हणून आधी नळी टेबलावरच्या रबरी चकतीवर ठोकायची. चिलटं तळाला पडली की झटकन बोळा काढून वर नवी नळी उपडी धरायची, दोन्ही उलट्या करायच्या आणि पुन्हा ठोकायचं, की सगळी नव्या घरात. दोन ठोके पुरतात. मी चार देते. जोरात देते, ते लपवत नाही. एकदा एक चिलट माझ्या नाकात गेलं होतं आणि शिंकरून बाहेर आल्यावरही रुमालावर चालत होतं. त्या दिवसापासून एकही चिलट माझ्या नळीतून निसटलेलं नाही. सर पाहुण्यांना सांगायचे, "यांच्या हातून एक चिलट सुटत नाही." मला ते कौतुक वाटायचं.

सर म्हणजे आमचे प्रमुख. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मार देण्याचं यंत्र करून घेतलं. यंत्र कसलं, लाकडी फळीवर बसवलेली एक जाड स्प्रिंग. स्प्रिंगच्या टोकाला चिलटांची नळी अडकवायची, मागे ओढायची आणि सोडून द्यायची. नळी समोरच्या गादीवर ठक्कन आदळते आणि आतली चिलटं काचेवर. डोक्याला मार बसल्यावर पुढे मेंदूचं काय होतं, हे सरांना चिलटांकडून शिकायचं होतं. माणसं अशी आपटता येत नाहीत. शिवाय चिलट दीड-दोन महिन्यांत म्हातारं होतं, निकालासाठी तीस वर्षं थांबावं लागत नाही. हे सगळं मला पटतं. तरी पहिल्या नळीनंतर मी मोरीवर जाऊन उभी राहिले. चिलटं उताणी पडून पाय हलवत होती. काही उठली, पण एका जागी गोल गोल फिरत राहिली. एकाचा पंख लगद्याला चिकटला होता आणि ते त्याच्याभोवती स्वतःला ओढत होतं. सर शेजारी बसून बिस्किट खात होते आणि बिस्किटाचे कण वहीवरून फुंकरत होते.

चिलटांचे तीन गट होते. पहिल्याला स्प्रिंग पूर्ण ओढून जोराचा मार. दुसऱ्याला स्प्रिंग जराशीच ओढून हलका मार, रोज एक, असे दहा दिवस. तिसरा कोरा गट, त्याला मार नाहीच. तुलनेला कुणीतरी न मारलेलं हवं ना. आठवड्यातून एकदा तिघांची परीक्षा व्हायची. नळी एकदा ठोकायची, चिलटं तळाला पडतात आणि लगेच वर चढायला लागतात. दहा सेकंदांत नळीवरची रेघ किती जणांनी ओलांडली ते लिहायचं. दहा मोजायचं काम माझं. मी आता कशावरही दहा मोजते. उतू जाणाऱ्या दुधावर, सिग्नलवर, सरांच्या भाषणावर.

हा प्रयोग आमच्या स्कॉलरचा. स्कॉलर म्हणजे सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी, काडीसारखी, बोलणं हळू, चालणं त्याहून हळू. मार दिलेली चिलटं ती स्वतः सांभाळायची. एकेक चिलट तिच्या प्रबंधाचं, म्हणून नळी अशी ठोकायची की आवाजसुद्धा येऊ नये. चार-दोन उडून जायची, तिला चालायचं. कोरा गट माझ्याकडे दिला होता. त्यात करायचं काय असतं, वेळेवर खायला घाला आणि नळ्या बदला.

तीन वेळा प्रयोग झाला, तिन्ही वेळा निकाल तोच. जोराचा मार खाल्लेली चिलटं महिन्याभरात रेघेच्या खालीच रेंगाळायला लागली. हलका मार खाल्लेली आणि कोरी मात्र सारखीच. शंभरातली सत्तर इकडे, सत्तर तिकडे. आलेखावर दोघांच्या रेघा एकमेकींवर बसल्या. सरांना आनंद मावेना. "हा उंबरठा सापडला," ते म्हणाले. "याच्या खालच्या माराने काही बिघडत नाही." तो आलेख छापून त्यांनी मोरीच्या वर भिंतीला लावला. मी दिवसातून दहा वेळा तिथे हात धुते, त्यामुळे तो मला पाठ झाला.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. तिला एकच मुलगी, तेरा वर्षांची, वयाच्या मानाने बुटकी, म्हणून आम्ही तिला बुटकीच म्हणतो. बुटकी बॉक्सिंग शिकते. उंचीवरून चिडवणाऱ्या दोन पोरांना तिने शाळेमागे झोडपलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला शिक्षा म्हणून व्यायामशाळेत पाठवलं आणि ती तिथेच रमली. घरी आली की मान खाली घालून माझ्यासमोर उभी राहते. मी डोक्यात एक टपली मारते, मग ती मला पोटात एक लुटुपुटूचा ठोसा मारते. ही आमची पद्धत ती चालायला लागली तेव्हापासूनची.

एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आठवड्यापूर्वी सरावात बुटकीच्या कानशिलावर ठोसा बसला होता. ती खाली बसली, मग उठली, घरी येऊन एकदा उलटी झाली. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली आणि त्यानंतर रिंगमध्ये जायच्या आधी पुन्हा दाखवायला बोलावलं. आठ दिवस झाले तशी बुटकी घर डोक्यावर घ्यायला लागली. निवड चाचणी दीड महिन्यावर आली होती.

"ताई, तिचे कोच म्हणतात, असे हलके ठोसे सगळ्यांनाच बसतात," बहीण म्हणाली. "तुमच्याकडे तर हेच चालतं ना? तू सांग. पाठवू का?"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी चिलटांबद्दल काही विचारत होतं, आणि नाक न मुरडता विचारत होतं. माझी छाती चांगली वीतभर फुगली.

"खुशाल पाठव," मी म्हटलं. "मोठा मार वाईट. हलक्या माराने काही होत नाही. न मारलेल्यांत आणि हलका मार खाल्लेल्यांत काडीचा फरक नाही, तीन वेळा डोळ्यांनी बघितलंय मी."

"मग डॉक्टरांकडे पुन्हा?"

"फी घ्यायला बोलावतात ते."

बुटकी दुसऱ्या दिवसापासून सरावाला जायला लागली.

त्याच आठवड्यात माझा उजवा हात भाजला. पातेल्यातून लगदा ओतताना कापड निसटलं आणि तो उकळता चिखल मनगटावर पडला. पिठाळ लगदा पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. मी ओरडले नाही, पण त्या गोड वासात माझ्या कातडीचा वास मिसळला तेव्हा मी मोरीवर जाऊन खरंच ओकले. महिनाभर हाताला पट्टी होती. डाव्या हाताने लिहिण्यापलीकडे मी काही करू शकत नव्हते. प्रयोगाची चौथी फेरी नुकतीच सुरू होत होती, सरांना लेख पाठवण्याआधी एकदा खात्री हवी होती. माझा कोरा गटही स्कॉलरने घेतला.

महिन्याने परीक्षा झाली. मी घड्याळ धरून दहा मोजले. स्कॉलरने कोऱ्या गटाची पहिली नळी वाचली, मग पुन्हा ठोकली, पुन्हा वाचली. शंभरातली ब्याण्णव. हलका मार खाल्लेली नेहमीसारखीच सत्तर.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. दोन दिवस ती आपली चूक शोधत होती. पीठ बदललं का, खोलीचं तापमान वाढलं का, चिलटं दुसऱ्या वाणाची तर नाहीत. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. मला तिची कीव आली आणि थोडा आनंदही झाला, की माझ्याशिवाय यांचं चालत नाही. शुक्रवारी सकाळी तिने माझ्यासमोर एक नळी ठेवली. माझी पट्टी नुकतीच सुटली होती.

"काकू, तुम्ही कोरी चिलटं कशी हलवायचात, जरा करून दाखवाल?"

मी दाखवलं. ठक, ठक, ठक, ठक. बोळा, नवी नळी, उलटं. एकही सुटलं नाही. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं आता शिकेल. ती माझ्याकडे बघत नव्हती, रबरी चकतीकडे बघत होती. मग ती उठली, यंत्राला रिकामी नळी अडकवली, स्प्रिंग हलक्या माराच्या खुणेपर्यंत ओढली आणि सोडली.

ठक.

मी डोळे मिटून ऐकलं असतं तर कुठला आवाज स्प्रिंगचा आणि कुठला माझा, ते सांगता आलं नसतं.

"दर दोन दिवसांनी," ती हळूच म्हणाली. "चार ठोके. सगळा महिना."

मला आधी राग आला, तिचाच. म्हटलं, नळी तर सगळेच ठोकतात, तू ठोकत नाहीस का, सर ठोकत नाहीत का, ठोकल्याशिवाय चिलट हलतं का. ती म्हणाली, हो, सगळेच ठोकतात, म्हणून कुणी लिहूनच ठेवलं नाही. तिच्या आवाजात दोष नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मार न खाल्लेली चिलटं आमच्याकडे नव्हतीच. एका गटाला स्प्रिंग मारत होती, दुसऱ्याला मी. दोघांचे हाल सारखे झाले म्हणून आम्ही म्हटलं, हलक्या माराने काही होत नाही.

आणि मी तसं जोरात का ठोकत होते? शास्त्रासाठी नाही. मला त्यांची किळस येत होती म्हणून.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या कपात एक चिलट पडलं होतं, ते त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने बाहेर काढून वहीच्या कडेला पुसलं आणि उरलेली कॉफी प्यायले. ते बघताना मला जी शिसारी आली ती सांगता येत नाही.

"लेख थांबवू," ते म्हणाले. "सगळं पुन्हा करू, सगळ्या गटांच्या नळ्या एकाच माणसाच्या हातून बदलू. तीन महिने जातील. तोवर हे बाहेर बोलायचं नाही."

"मी आधीच बोलले आहे," मी म्हटलं.

"कुणाशी?"

"घरी."

"घरी चालतं," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

निवड चाचणी रविवारी होती. शनिवारी दुपारी मी बहिणीकडे गेले. ती चौथ्या मजल्यावर राहते आणि त्यांची लिफ्ट वर्षातून दोनदा चालते. वर पोचेपर्यंत मला धाप लागली. बोलायला तोंड उघडणार, तर ती म्हणाली, "थांब, पाणी पी. बुटकी येईलच सरावाहून. उद्याचे कपडे इस्त्री करतेय बघ." खुर्चीच्या पाठीवर लाल बनियन होतं, त्यावर नंबर शिवलेला.

मी पेला तसाच खाली ठेवला. तेवढ्यात खालून फाटकाचा आवाज आला. मी बाहेर येऊन कठड्यावरून खाली वाकले.

बुटकी जिना चढत होती. ही मुलगी दोन दोन पायऱ्या गाळून, येता येता आईला हाका मारत वर येते, शेजारच्यांच्या तक्रारी येतात त्यावरून. आज आवाज नव्हता. तिचा एक हात कठड्यावर होता आणि तो सरकत सरकत वर येत होता. मी मोजायला लागले. मुद्दाम नाही, तोंडातल्या तोंडात आकडे आपोआप सुरू झाले. दहाला ती पहिल्या मजल्यावरही पोचली नव्हती. दुसऱ्यावर ती थांबली. तिसऱ्यावर भिंतीला खांदा टेकून उभी राहिली, डोळे मिटले आणि तळहाताने कपाळ दाबून धरलं. मी वर आहे हे तिला माहीत नव्हतं. मग तिने तोंडावरून हात फिरवला, बॅग खांद्यावर नीट घेतली, कठडा सोडला आणि शेवटचा जिना दोन दोन पायऱ्या गाळत, "आई, भूक" असं ओरडत धावत चढली.

मला बघून हसली आणि नेहमीसारखी मान खाली घालून समोर उभी राहिली.

माझा हात वर आला होता. मी तो पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

"काय गं मावशी?" ती मान खालीच ठेवून म्हणाली.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

तिने वर बघितलं, आधी माझ्याकडे, मग आईकडे. "नाही दुखत."

"तिसऱ्या मजल्यावर दुखत होतं."

बहिणीच्या हातात इस्त्री होती. ती तिने उभी करून ठेवली. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं, नळ्यांचं, ठोक्यांचं, कोऱ्या गटाचं. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "उद्या ती जाणार नाही. आत्ता डॉक्टरांकडे जायचं."

बुटकी रडली नाही. तिचा चेहरा लाल झाला. "तूच म्हणालीस काही होत नाही. मी कोचना पण सांगितलं, आमच्या मावशीने सिद्ध केलंय. सगळ्या मुलींना सांगितलं मी."

सगळ्या मुलींना.

"मी चुकले," मी म्हटलं.

"चिलटांचं चुकलं असेल," ती म्हणाली. "माझं नाही." आणि बनियन ओढून घेऊन आतल्या खोलीत गेली. तिला बाहेर काढायला आम्हाला पाऊण तास लागला. रिक्षात बहीण मुलीच्या पलीकडे बसली.

डॉक्टरांनी बुटकीला सरळ रेघेवर चालायला लावलं, डोळे मिटून एका पायावर उभं केलं, बोटामागे नजर फिरवायला लावली. एका पायावर ती तीन आकड्यांतच कलंडली. डॉक्टरांनी तिला सावरलं आणि खुर्चीत बसवलं. रिंग बंद, त्यांनी सांगितलं, सहा महिने तरी, आणि पुढचं पुढे बघू. आणखी तपासण्या लिहून दिल्या. दीड महिन्यापूर्वी आणायला सांगितलं होतं, तेव्हा का आणलं नाही, हे त्यांनी विचारलं. बहिणीने माझं नाव घेतलं नाही.

"मीच नको म्हटलं होतं आणायला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे लिहायला लागले. मला माझ्या केसांतला तो वास आला. त्यांनाही येत असणार.

"मार किती वेळा बसला?" त्यांनी बुटकीला विचारलं.

"एकदाच," बुटकी म्हणाली. "त्या दिवशीचा. बाकीचे हलके."

"हलके किती?"

बुटकीने जरा विचार केला. बोटं उघडली, मिटली. मग ती माझ्याकडे वळली, कारण आमच्या घरात मोजायचं काम माझं आहे हे तिला ठाऊक आहे.

"ते कुणी मोजलेच नाहीत," मी म्हटलं.

डॉक्टरांनी कागदावर तेवढी जागा कोरी सोडली.